भाकरी मऊ होणार न्हाई

"मॅडम, तुमची भाकरी कडक आहे अशी तक्रार आहे," असं ॲपच्या ऑफिसातल्या पोरानं फोनवर सांगितलं, तवा मला आधी हसूच आलं. म्हणलं, अरे बाबा, कडक भाकरी कडक न्हाई तर कशी असणार? मिरचीला जाऊन म्हण की तू तिखट हाईस म्हणून!

त्याला हसू आलं न्हाई. तो वाचून दाखवल्यासारखं बोलत होता. "मॅडम, तक्रारी वाढल्यात. सोमवारपर्यंत सुधारणा दिसली न्हाई तर तुमचं दुकान ॲपवर बंद होईल." आणि फोन ठेवला.

मी दानम्मा. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ हाय. सासूबाईंनी चालू केली, आता मी चालवते. आमच्याकडं कडक भाकरीच मिळते. ज्वारीची, कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून पार वाळवायची. मोडली की कुडुम् वाजली पाहिजे. उदगीर, निलंगा, जळकोट, आमच्या ह्या सगळ्या पट्ट्यात पाव्हण्याला ही भाकरी वाढतात. जोडीला येण्णेगाई, म्हणजे तेलातलं भरलं वांगं, शेंगाची चटणी, आमटी. खानावळीत नवं गिऱ्हाईक आलं की मी त्याच्या डोक्यावर उभी ऱ्हाते. म्हणते, अशी नको तोडू, आधी कुस्कर, चांगली कुस्कर, आता वरून आमटी ओत, थांब जरा, आता खा. एकदा खाल्लं की माणूस पुन्हा येतोच.

पण डब्याच्या डोक्यावर मी कशी उभी राहू?

हे ॲपचं लचांड आणलं आमच्या मालकांनी. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, पण त्या ॲपवर रोज दहादा 'अण्णाराव' असं येतं, मग मी एकदा घेतलं तर काय आभाळ कोसळत न्हाई. तर अण्णाराव म्हणाले, सगळं लातूर आता घरात बसून मागवायलंय, बाहेरगावची लेकरं क्लासला आल्यात, त्यांच्या आया खोल्या घेऊन ऱ्हायल्यात, आपण मागं कामून ऱ्हायचं? ॲपचं नाव 'लगबग'. नांदेडला त्यांचं ऑफिस. त्यांनी एक ट्याब दिला. तो किणकिणला की ऑर्डर आली समजायचं. घेतली म्हणून दाबायचं, किती वेळ लागंल ते सांगायचं, तवर गाडीवाला दारात हजर. गिऱ्हाईक कोण, कुठं ऱ्हातं, आपल्याला काय बी कळत न्हाई. नुसतं नाव दिसतं. नंबर झाकून ठेवतात. चूल माझी, हात माझे, आणि गिऱ्हाईक मात्र त्यांचं!

खोटं कशाला बोलू, धंदा वाढला. आधी मी एकटी थापायची, मग कमलम्मा आली, मग मल्लम्मा आली. दोघीजणी त्या भाकरीवर घर चालवतात. आता निम्म्याहून जास्त भाकरी त्या ट्याबमधूनच जाते. दुकान बंद झालं तर दोघींपैकी एकीला तरी घरी बस म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघणार न्हाई.

मालक म्हणाले, "मऊ करू की. त्यात काय एवढं? भाकरी ती भाकरीच."

"भाकरी ती भाकरीच?" मी उलथनं खाली ठेवलं. "मग बाजूच्या हॉटेलात जाऊन जेवा की आजपासून!"

ते उठून गल्ल्यावर जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले तवा त्यांनी हळूच कमलम्माला सांगून मऊ भाकरी करून घेतल्या आणि डब्यात भरायला लागले. मी आले, डबा उघडून बघितला. त्या सगळ्या मऊ भाकरी काढल्या आणि त्यांच्याच ताटात वाढल्या, एकावर एक. "खावा आता. सगळ्या संपवायच्या." कमलम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. मालकांनी दोन खाल्ल्या, तिसरीला हात जोडले. पुन्हा मऊ हा शब्द त्यांनी काढला न्हाई.

तरी प्रश्न तिथंच. सोमवार तर येणारच होता.

मग मी ट्याब घेऊन बसले. तक्रारी कुठं असतात ते मालकांना दाखवायला लावलं. आणि बघते तर काय, प्रत्येक नावापुढं पाच तारे! पाचच्या पाच! आणि खाली लाल अक्षरात: कडक. पाच तारे, कडक. पाच तारे, कडक. आणि त्यात एक नाव रोजचं. चांगुणा. रोज दुपारी डबा मागवायचा, रोज पाच तारे, रोज कडक.

"हिला काय झालंय?" मी म्हणलं. "वाईट लागतंय तर रोज मागवती कशाला? आणि मागवती तर बोंब कशाला मारती? तोंडावर गोड आणि मागून सुरी, असली बाई म्हणायची का काय?"

"यंत्राचं असंच असतंय," मालक म्हणाले.

"यंत्राचं यंत्राला. मी बाईला भेटणार."

दुपारी चांगुणाची ऑर्डर आली. न्यायला आला आनंदराज. मुदखेडचा हाय, बायकोलेकरं घेऊन इथंच ऱ्हातो, रोजचा माणूस. मी डबा त्याच्या हातात दिला न्हाई. स्वतःच घेतला आणि गाडीवर मागं जाऊन बसले.

"मावशी, हे काय करून राहिलाव? मला कामावरून काढतील!"

"कुठं लिहिलंय का मागं बाई बसवू नको म्हणून?"

"लिहिलेलं न्हाई, पण..."

"मग चल की. उन्हात उभं करतो का काय मला?"

त्यानं कपाळाला हात लावला आणि गाडी चालू केली. सिग्नल कॅम्प म्हणतात त्या भागात एका जिन्यापाशी थांबलो. डोक्यात एकच: ह्या चांगुणेला आज सरळ करते. दार वाजवलं. दारात माझ्याच वयाची एक बाई, हातात पळी, डोळ्यावर चष्मा.

"चांगुणा तुम्हीच का?"

"हाव. डबा आणलाव का? आज बाई आली व्हय?"

"मी दानम्मा. भाकरी माझी. रोज तक्रार करताव ना, मग आज तोंडावर करा. काय वाईट हाय माझ्या भाकरीत?"

त्या बाईनं पळी खाली ठेवली. डोळे हे एवढे मोठे केले. "दानम्मा! तुम्हीच का दानम्मा? अगं माय! या की आत, बाहेर कामून उभ्या?" आणि माझा हात धरून ओढायला लागली. मी भांडायला आलेली, आणि ही पाट मांडून राहिली!

"आधी तक्रारीचं बोला," मी म्हणलं.

"तक्रार? मी कशाला तक्रार करू? मी जळकोटची हाय माय. कडक भाकरी खाऊनच वाढले. लेकीला डाक्टर व्हायचं म्हणून इथं खोली घेऊन ऱ्हायले, तर ह्या खोलीत चूल न्हाई, गॅसवर तशी भाकरी व्हईना. तुमची मिळाली तवा जीवात जीव आला. रोज खाते आणि रोज त्या मोबाइलवर दाबते की! कडक! कडक म्हणजे कडक!"

मी तिथंच जिन्यावर बसले.

"मोबाइल दाखवा," मी म्हणलं.

तिनं दाखवला. पाच तारे, खाली चार गोल बटणं: थंड, कमी, सांडलं, कडक. वर मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी इंग्रजीत. चांगुणाची लेक, मनिषा, पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "आई, वर लिहिलंय की काय चुकलं ते सांगा."

"असं लिहिलंय?" चांगुणा म्हणाली. "मला वाटलं, कशी होती ते विचारायलेत. थंड नव्हती, कमी नव्हती, सांडली न्हाई. कडक होती, म्हणून कडक दाबलं. बरोबर केलं की मी!"

"लई बरोबर केलं," मी म्हणलं, आणि मला असं हसू फुटलं की आनंदराज खालून वर पळत आला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ज्यांना माझी भाकरी जिवापाड आवडायची, त्यांनीच कौतुकानं दाबून दाबून माझं दुकान बंद पाडायला घेतलं होतं! बटण करणाऱ्याच्या पुस्तकात कडक म्हणजे शिळं. आणि आमच्यात चहा चांगला झाला तरी कडक, पोलिसाची इस्त्री कडक, लेकीनं पेपर चांगला दिला तरी कडक!

सोमवारी तो फोनवरचा पोरगा स्वतःच आला. रविकिरण. नांदेडच्या ऑफिसातून आला होता, बॅग, टाय, हातात ट्याब. दुपारची वेळ, खानावळ भरलेली. मी त्याला सगळं सांगितलं. बटणाचं सांगितलं, चांगुणाचं सांगितलं. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता.

"मॅडम, ते बटण हैदराबादची टीम करते. माझ्या हातात काय न्हाई. सिस्टीमला तक्रार ही तक्रार दिसते. तुम्ही एक करा, मऊ भाकरी ठेवा. न्हाईतर नाव बदला. खाकरा लिहा. खाकरा कडक चालतो."

"खाकरा?" मी म्हणलं. आजूबाजूच्या ताटांवरचे हात थांबले. "माझ्या सासूनं आयुष्यभर ज्याला भाकरी म्हणलं, त्याला मी तुझ्या बटणासाठी खाकरा म्हणू?"

"मग मला नाइलाजानं बंद करावं लागेल." त्यानं ट्याब उघडला. आमच्या दुकानाचं नाव, खाली लाल बटण. अंगठा त्याच्यावर.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. कमलम्मा आणि मल्लम्मा चुलीपासून उठून दारात आल्या. थापलेलं पीठ मल्लम्माच्या हाताला तसंच होतं. त्या दोघींकडं बघितलं. पण मऊ म्हणायला जीभ वळेना.

"कर बंद," मी म्हणलं. "पण आधी जेव. आमच्या खानावळीत उपाशी माणसाशी कुणी भांडत न्हाई."

"मॅडम, मला उशीर..."

"बस म्हणलं ना."

बसला. काय करणार? सगळे बघत होते. मी ताट वाढलं. त्यानं भाकरी उचलली आणि नुसती वाकवायला लागला. मी त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले.

"अशी न्हाई. कुस्कर. आणखी बारीक. हां. आता आमटी ओत. थांब, घाई करू नको. भिजू दे. चटणी घे. आता खा."

त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. मग तो ट्याब बाजूला ठेवून टाय खांद्यावर टाकून बसला. तिसरी भाकरी कुस्करताना मला विचारल्याशिवाय राहवेना.

"कशी हाय?"

तोंडात घास, मान खाली. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "कडक, अक्का!"

खानावळीत असा हशा पिकला की रस्त्यावरची माणसं आत डोकवायला लागली. आनंदराज तर भिंतीला टेकून हसत होता. रविकिरणचा घास हातातच राहिला. कान लाल झाले.

"ही तक्रार का तारीफ?" मी विचारलं. "सगळ्यांपुढं सांग. आणि गाव कुठलं तुझं?"

"उदगीर," तो खाली बघून म्हणाला. "तारीफ, अक्का."

"मग उदगीरच्या माणसाला हैदराबादला एवढंच सांगता येत न्हाई का? दुकान बंद करायचं तर आत्ता माझ्यापुढं कर. आमची चूल काय तुझ्या ट्याबवर जळत न्हाई. पण मी भाकरी मऊ करणार न्हाई, आणि तिचं नाव बी बदलणार न्हाई."

त्यानं ताट पूर्ण संपवलं. हात धुतले. मग ट्याब उघडला, लाल बटणाकडं न जाता कुठं तरी बरंच काही लिहिलं, आणि जाताना म्हणाला, "अक्का, वर कळवलं. चार भाकरी बांधून द्याल का? आईला."

दुकान बंद झालं न्हाई. पुढच्या आठवड्यात बटण बदललं. आता तिथं 'शिळं' असं लिहिलंय, आणि वरचा प्रश्न बी मराठीत. कमलम्मा, मल्लम्मा दोघी चुलीपाशी हाईत. मला वाटलं, चला, भानगड मिटली.

त्याच दुपारी फोन आला. चांगुणा. मीच नंबर दिला होता तिला. आवाज लई चिडलेला.

"दानम्मा, हे काय केलं हो ॲपवाल्यांनी? कडकचं बटण कुठं गेलं? डबा तर संपला, आता मी काय दाबू?"

"काय बी दाबू नका, बाई," मी म्हणलं. "आता मला तोंडानंच सांगा."

"कडक!" ती ओरडली. फोन कानापासून लांब धरावा लागला.