कापसातला डबा

आमच्या गल्लीत वस्तू विकत घेणारा हा फक्त तिचा पहिला वापरणारा असतो. माझी शिडी आमच्या गावात, रोहिणखेडातच कुठेतरी आहे, एवढं मला माहीत आहे. कूलर माझ्या चुलतभावानं, ज्ञानेश्वरदादानं, साखरपुड्याला नेला आणि इमानदारीनं परत आणून दिला. मोटर तेवढी तिकडे राहिली. मागायला गेलो तर म्हणाला, "हिवाळ्यात कूलरचं काय काम पडलं बे तुले?" मी मोताळ्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. मोटर न घेताच परत आलो.

म्हणून होम थिएटरची खोली केली तेव्हा पडद्याची, भिंतीतल्या स्पीकरांची मला चिंता नव्हती. ते पक्के ठोकलेले होते. चिंता सबवूफरची होती. गुडघ्याएवढा काळा डबा, धूम याखेरीज त्याला काही येत नाही. पण सिनेमात ढग गडगडले की ते आपल्या पोटात गडगडतात, ते याच्यामुळे. तो धूम घरात यावा म्हणून मी अर्धं आयुष्य थांबलो होतो. आणि दादाच्या पोराची हळद तोंडावर आली होती. हळदीला नेमका धूमच कमी पडतो.

आधी माझ्या बायकोनं, सुचितानं, डब्यावर टेबलक्लॉथ टाकला. दादा आला, त्यावरच बसला, चहा प्यायला आणि उठताना म्हणाला, "इस्टूल मजबूत हाये. पंगतीले देजो." त्याच दिवशी मी ठरवलं, डबा दिसताच कामा नये.

इतक्यात वेचणीचा कापूस घरी आला. बाबांनी, म्हणजे पुंजाजींनी, माझी खोली बघितली. खिडकी नाही, खाली गालिचा, ओल नाही. "भाव येईस्तोवर अठीच राहू दे," ते म्हणाले. "कापसासाठीच बांधली तू खोली. बोलला नाही फक्त." दोन दिवसांत कापूस पडद्याच्या मध्यापर्यंत चढला. हीरो कमरेपासून वरच दिसू लागला.

मला मात्र वाट सापडली. कोपऱ्यात डबा ठेवून त्यावर कापूस ओढला. दुसऱ्याच्या कापसात हात घालायची आमच्याकडे रीत नाही. आवाज तेवढा शेजारच्या गल्लीत कोणी गादी झोडपतंय असा यायचा.

"अंगाला खाज सुटते, आवाज येत नाही," सुचिता म्हणाली. "याले थेटर म्हणायचं?"

"सुरक्षित आहे," मी म्हणालो.

एका सकाळी दारात टेम्पो उभा. कापसाचे व्यापारी फकीर मोहम्मद, काटा आणि हमाल घेऊन. बाबांचा सौदा फोनवर झालेला.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"काऊन? कापूस तुहा हाये का?"

मी खोलीत धावलो. डबा चादरीत घेतला, कोणाला दिसू नये म्हणून चहूबाजूंनी कापूस दाबला, गाठ मारली. आता आतल्या खोलीत नेणार, तर बाबांची हाक आली, "भागवत, चहा सांग!" चहा घेऊन परत आलो तोवर हमालांनी गठुडी बांधून खोली अर्धी रिकामी केली होती, आणि माझं गठुडं काट्यावर होतं.

फकीरभाईंनी आकडा बघितला. गठुडं बघितलं. मग बाबांकडे बघितलं. वजन वाढवायला कापसात पाणी मारणारे, दगड घालणारे कोण, हे सगळ्या गावाला तोंडपाठ असतं. बाबांचं नाव त्यात कधी नव्हतं. त्यांची गाठ न सोडता वजन धरायचं, ही फकीरभाईंची जुनी पद्धत.

"पुंजाजीभाऊ, हे सोडून पाहू का जरा?"

"पाह्य ना," बाबा ताठ मानेनं म्हणाले.

गाठ सुटली. पांढऱ्या कापसात काळा डबा.

काटा लागला की गल्ली जमतेच. सगळे पुढे सरकले. बाबा हळूच ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "काटा उचला, फकीरभाई," ते म्हणाले. "मले नाही इकायचा माल."

"बाबा, तो सबवूफर आहे. माझा. आवाजाचा डबा."

"कापसात काऊन?"

"लपवला होता."

"कोनापासून?"

ज्ञानेश्वरदादा अगदी पुढे उभा होता. "हाव, कोनापासून बे?" त्यानं खऱ्या उत्सुकतेनं विचारलं.

"उंदरांपासून," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. ते मांडीवरच्या टोपीकडे बघत होते.

"आवाजाचा हाये तं बजावून दाखवा," फकीरभाई म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते बाबांकडे. वाजला नाही तर तो दगड, आणि पुंजाजी दगड घालणारे. वाजला तर गल्लीला कळलं. तर्कशास्त्रात याला पेच म्हणतात आणि त्यावर पूर्ण धडा आहे. मी वायर आणायला गेलो.

ओट्यावर प्लग लावला, मोबाइल जोडला. धूम. समोरचे टिनपत्रे थरथरले, बांधलेली शेळी खुंट्याभोवती फिरली, काट्यावर आकडे नाचू लागले. फकीरभाईंनी डब्यावर हात ठेवला. "भाऊ, असा दगड आपन नाही पाह्यला," ते म्हणाले. "चला रे, बाकीचं तोला. गाठी सोडू नोका."

बाबांनी टोपी घातली. माझ्या कोणत्याही वस्तूकडे त्यांनी इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं.

"अबे, याच्यावर बसून म्या चहा पेलो!" दादा म्हणाला. मग मला ओलांडून थेट बाबांकडे गेला. "काका, बुधवारी हळद हाये."

"घेऊन जाय. घरचंच हाये."

डब्याला ओरखडा नको म्हणून दादानं तो त्याच चादरीत, त्याच कापसात बांधून नेला. एवढी काळजी त्यानं कूलरची घेतली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी हळद लावून परतलो आणि रिकाम्या, झाडलेल्या खोलीत आम्ही सिनेमा लावला. पडदा पूर्ण दिसत होता. समुद्रात जहाज फुटलं, धूम न होता. आणि भिंतीपलीकडून, दादाच्या अंगणातून, धूम आला. खुर्ची हलली.

बाबा पहिल्यांदाच खोलीत येऊन बसले होते. त्यांनी कान दिला.

"आपलाच ना तो?"

"हाव."

"चांगला वाजते." ते खुर्चीत मागे रेलले. "अन् अठी बसूनबी आयकू येते. मंग आनायची काय घाई हाये?"