पाहुण्याची खुर्ची

गणिताच्या बाई शाळेत आल्या त्या वर्षाच्या मध्यातच, आधीचे सर अचानक नोकरी सोडून गेले म्हणून. येताना लेकीलाही घेऊन आल्या. लेकीला घरी टकळी म्हणत, कारण डोळा उघडल्यापासून तिच्या तोंडाचा जो पट्टा सुरू होई तो डोकं उशीला टेकेपर्यंत. वडील लहानपणीच गेलेले. घरात दोघीच, आणि आवाज सगळा एकटीचा.

शाळा कॅथलिक सिस्टरांची. वसतिगृह नाही, मुली सकाळी येत, संध्याकाळी घरी जात. आईबाप पोरींना इथे घालत ते एकाच आशेवर, की इथून निघालेली मुलगी मोठ्या कॉलेजात जाते. त्यामुळे शेवटचा वर्ग नुसता खचाखच. तरीही पुढच्या रांगेत, खिडकीजवळ, एक खुर्ची कायम रिकामी असे. ती पाहुण्याची. प्रभू ख्रिस्त कधी वर्गात आलाच तर त्याला उभं राहावं लागू नये, ही शाळा काढणाऱ्या सिस्टरांची भाबडी कल्पना. सकाळची प्रार्थना संपली की सगळा वर्ग त्या खुर्चीकडे वळून म्हणे, "तुम्ही इथे आहात. आम्हांला तुम्ही दिसत नाही." मग दिवसभर तिकडे कुणी बघत नसे. पाहुण्याकडे टक लावून बघू नये, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवलं जाई.

टकळी याच वर्गात आली, पण तिला बसायला जागा नव्हती. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, सुताराला बाक सांगितलाय, तोवर मागे स्टुलावर बसू दे. बाईंना ते पटेना. प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली, मागून फळा धड दिसत नाही, आणि पुढे एक चांगली खुर्ची नुसती धूळ खात पडलेली. बाई गणिताच्या; रिकामी जागा दिसली की भरायची, एवढंच त्यांना कळे. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला सरळ तिथे बसवलं. कुणीतरी नाक मुरडेल म्हणून उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्याची गरजच पडली नाही. सगळ्या मुली नेहमीसारख्या वळल्या आणि टकळीच्या तोंडावर म्हणाल्या, "आम्हांला तुम्ही दिसत नाही." टकळीला हसू आवरेना.

आधी आधी तिला मजाच वाटली. भौतिकशास्त्राचे सर रांगेतल्या प्रत्येकीला प्रश्न विचारत आणि तिला गाळून पुढे जात. "आई, मी आता आरामात," असं ती घरी सांगे. मग एकदा शेजारच्या मुलीनं आपलं दप्तर तिच्या मांडीवर ठेवलं, अगदी सहज, जसं खुर्चीवर ठेवावं तसं. मग वर्गाचा फोटो निघाला. फोटोवाला कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणाला, की मध्ये जागा का सोडलीय, जरा सरका. त्या जागेत टकळी उभी होती. दोन्ही बाजूंच्या मुली सरकल्या आणि ती धक्के खात मागे गेली. त्या दिवशी ती घरी काहीच बोलली नाही.

बाईंनी तिला खुर्चीवरून उठवून मागे स्टुलावर बसवलं. काही फरक पडला नाही. वर्गाला ती तिथेही दिसेना, आणि प्रार्थनेनंतर मुली रिकाम्या खुर्चीकडे वळून तेच ते वाक्य म्हणत राहिल्या. बाई चिडून मुख्याध्यापिकांकडे गेल्या. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फार मायेनं विचारलं, "बाई, तुम्ही एकट्याच राहता ना? दमत असाल."

पण बाईंना खरा धसका बसला तो घरी. एका सकाळी त्यांनी डबा भरला, कुलूप काढलं, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप लावलं. जिना उतरल्यावर त्यांना आतून दारावर मारलेल्या थापा ऐकू आल्या. धावत वर जाऊन दार उघडलं तर टकळी रडून लाल झालेली. आपण डबा एकच भरलाय, हेही बाईंना तेव्हाच कळलं. जिला नऊ महिने पोटात वागवलं ती पोर आपल्याही नजरेतून निसटायला लागली, या विचारानं त्यांना तिथेच रडू कोसळलं.

शाळेत एक फार म्हाताऱ्या सिस्टर होत्या. आता शिकवत नसत, चॅपेलमध्ये मेणबत्त्या बदलत बसत. बाईंनी त्यांच्यापुढे सगळं ओतलं. म्हातारीनं हातातली मेणबत्ती खाली ठेवली.

"इतक्या मुली इतकी वर्षं रोज मनापासून एकच गोष्ट म्हणतायत, बाई. देव कदाचित ऐकून सोडून देत असेल. पण तिथे माणूस बसला तर ती त्याला लागणारच."

"मग सुटका?"

"ते बोलणं कुणाला तरी लागून राहणार. दुसरं कुणी तिथे बसलं तर तुमच्या लेकीवरचं उतरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थनेच्या आधीच, बाई वर्गात उभ्या राहिल्या. समोर सगळ्या लेकी, कुणाच्या ना कुणाच्या. बाईंनी नुसतं "तू इथे येऊन बस" म्हटलं असतं तर कुणीही मुकाट्यानं येऊन बसली असती. आणि खरं सांगायचं तर त्यांनी एकीला उभंही केलं, मधल्या रांगेतल्या एका बावळट, गरीब पोरीला. ती उभी राहिली. तिची वेणी कुणीतरी घाईघाईत पण घट्ट घातली होती, आणि एका बाजूला रिबीन निसटू नये म्हणून जास्तीची पिन लावली होती. बाईंनी त्या पिनेकडे पाहिलं आणि तिला खाली बसायला सांगितलं. मग हातातला खडू फळ्यापाशी ठेवून त्या स्वतः जाऊन पाहुण्याच्या खुर्चीवर बसल्या. टकळी स्टूल ओढत पुढे आली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिनं आईचा हात घट्ट धरला.

"आई, नको ना."

"गप बस. प्रार्थना होऊ दे."

प्रार्थना झाली. वर्ग वळला आणि त्यानं आपलं वाक्य म्हटलं.  मग शेजारची मुलगी टकळीकडे बघून म्हणाली, "अगं, तू नवीन का? कधी आलीस?"

टकळी तिच्याकडे बघतच राहिली. मागचीनं खांद्यावर टिचकी मारून नाव विचारलं. तिसरीनं विचारलं, आधी कुठल्या शाळेत होतीस, तिथे गणित कोण शिकवायचं. इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. आईचा हात मात्र तिनं सोडला नव्हता, आणि तो हातात होता तोवर आई तिला दिसत होती. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

ती बोलू लागली. आधी अडखळत, मग जोरात, मग नेहमीसारखी, श्वास न घेता. जुनी शाळा, तिथला जिना, तिथले विसराळू सर, एकदा फळाच कसा भिंतीवरून खाली आला. मुली खिदळत होत्या. बाई तिच्याकडे डोळे भरून बघत होत्या. फळा केवढा मोठा होता, असं कुणीतरी विचारलं, आणि ते दाखवायला टकळीला दोन्ही हात लागले.