एडाला माहीत होतं

लोर्नाला एडा काही केल्या सापडत नव्हती. संवाद तोंडपाठ होते, प्रयोग तोंडावर आला होता, तरी तिसऱ्या अंकात शिरली की तिचे हातपाय परक्याचे व्हायचे.

बर्नी गावच्या हौशी नाटक मंडळींनी यंदा शोकांतिका घेतली होती. एक मच्छीमार कुजलेल्या फळीवर रंग मारून होडी मुलाच्या हवाली करतो आणि मुलगा समुद्रावरून परत येत नाही. एडा ही त्या मुलाची आई. बातमी येते तेव्हा ती रडत नाही की धावत नाही. चादरींच्या घड्या घालत राहते.

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये तालीम पुन्हा तिथेच अडली.

"तिला धक्का बसलाय, हात आपोआप चालतायत," दिग्दर्शक डेस्मंड म्हणाला. "साधं आहे गं."

"साधं असतं तर मला जमलं नसतं का?"

"मग दिव्याकडे बघ. ती रोज संध्याकाळी लावते तो दिवा म्हणजे आशा. तो विझला की तू कोसळ."

लोर्नाने संहितेची पानं उलटली. "पण दिवा खिडकीत नाहीच आहे. टेबलावर, नवऱ्याच्या खुर्चीसमोर, असं लिहिलंय. मुलाला तो समुद्रावरून दिसणार कसा?"

"माझं थोबाड उजळावं म्हणून ठेवलाय," गॉर्डन म्हणाला. तो नवऱ्याचं काम करायचा. एरवी त्याचं खिळे-स्क्रूचं दुकान होतं. सगळे हसले. लोर्ना हसली नाही.

"तेच तर," ती म्हणाली. "त्याच्याच तोंडावर उजेड. आणि पहिल्या अंकात ती विचारते, 'रंग वाळला का?' हे वाक्य आपण नुसतं उरकतो. लेखकाने रंगवणं रंगमंचावर दाखवलेलंच नाही, म्हणून आपल्याला वाटतं, ते एकट्या बापालाच ठाऊक. पण रंग लागला हे तिला कसं कळलं? तिने फळी पाहिली होती, डेस्मंड. तिला माहीत होतं."

डेस्मंडने चष्मा काढला. "मग ही बापाची शोकांतिका कुठे राहिली?"

"आहेच. पण तो खोटं तरी बोलतो. ही नुसती गप्प बसते. आणि पोरगा समुद्रावर गेल्यापासून रोज दिवा लावून दोष नवऱ्याच्या एकट्याच्या तोंडावर धरते."

ती जवळच्या खुर्चीत बसली आणि डेस्मंड पुढे काय म्हणाला ते तिच्या कानात शिरलंच नाही.

तिचा नवरा क्लेम शाळेची बस चालवायचा. ईस्टरनंतर दोनदा, जेवताना, त्याचा चमचा हवेत थांबला होता. डोळे उघडे, पण हाक मारली तरी उत्तर नाही. मग जणू काही झालंच नाही असा तो जेवू लागला. "डॉक्टरकडे गेलो तर लायसन्स जाईल. निवृत्तीपर्यंत निभेल," असं तो म्हणाला होता, आणि तिने ताटं उचलली होती. तेव्हापासून रोज सकाळी बस गेली की तिला घरात बसवेना. ओटा पुसून झाला तरी ती पुसतच राहायची.

ती घरी आली तेव्हा क्लेम परसात बटाटे खणत होता.

"उद्या बस काढू नकोस."

"का?"

"तुला ठाऊक आहे का ते."

तो फावड्यावर रेलला. "डेस्मंडने काय भरवलंय तुझ्या डोक्यात? नाटक आहे ते, लोर्ना."

"डेपोला तू फोन कर, नाहीतर मी करते."

"इतकी वर्षं चालवतोय. गाडीला एक ओरखडा नाही."

"माहीत आहे मला."

"मग गप्प बस ना."

ती आत गेली. दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे त्याला ऐकू जावं. डेपोवाल्या ट्रूडीला तिने सगळं सांगितलं, चमच्यासकट. ट्रूडीने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. फोन ठेवून ती बाहेर आली तर फावडं मातीत रुतलेलं होतं आणि क्लेम फाटक उघडं टाकून किनाऱ्याकडे निघाला होता.

तपासण्या झाल्या. फेफऱ्याचाच एक प्रकार निघाला. गोळ्या सुरू झाल्या, लायसन्स गेलं. क्लेम तिच्याशी चहा आणि मांजर एवढ्यापुरताच बोलू लागला. रात्री कुशीवर वळला की पाठ तिच्याकडे.

दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी दुपारी प्रयोग झाला. तिसऱ्या अंकात लोर्नाने घड्या घातल्या, सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवत, नजर गॉर्डनवर रोखून. गॉर्डन पुढचं वाक्य विसरला.

क्लेम आला होता. मागच्या रांगेत, कोट न काढता बसला होता. परतताना गाडी लोर्ना चालवत होती.

तो म्हणाला, "ती बाई मला आवडली नाही."

"मलाही नाही."

चढावर तिने गिअर चुकीचा टाकला, गाडी करकरली. क्लेमचा हात पुढे झाला, मग मागे गेला. तो खिडकीबाहेर बघू लागला. राग अजून आहे की ओसरला, हे तिला त्याच्या पाठमोऱ्या मानेवरून कळेना.