रिकामी आणि कोरी

आमचं ऑफिस संगणकाच्या गाभ्यात आहे, आणि खिडकीवर मिळणारी एकही फाइल मुळात अस्तित्वात नसते. बाहेरून कुणी मागितली की ती तेवढ्यापुरती तयार होते, वाचून झाली की नाहीशी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जेवणाची सुट्टी वेळेवर मिळते.

फाइल लिहायचं काम माझं, तपासायचं नाडगौडाबाईंचं. बाई लिहिलेलं वाचतच नाहीत. दोन रकान्यांमधली मोकळी जागा तेवढी ओल्या बोळ्याने पुसतात. पुसलं की तिथे शून्यं उमटतात. पहिल्या आठवड्यात मला हसू आलं होतं.

"बाई, ती जागा रिकामीच आहे की."

"रिकामी आहे, कोरी नाही. कागद आधी कुणाचा तरी होता. तिरका धरा, दिघे."

मी तिरका धरला. रिकाम्या जागेत आतल्या एका खोलीचा नंबर दिसला. इथे ज्याला खोलीचा नंबर कळतो, खोली त्याची होते, आत राहणारं माणूसही. आमच्या चित्रेअण्णांचा नंबर असाच बाहेर गेला, ते महिनाभर दुसऱ्याच्याच आवाजात बोलताहेत. माझी बहीण इंदू आतच राहते. त्या दिवसापासून बाईंचं मला इतकं कौतुक वाटतं, की त्यांच्यासमोर मी पाय हलवत नाही.

मंगळवारी एक गृहस्थ आले. फार सभ्य. आजचं तापमान मागायचे, धन्यवाद म्हणायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे. बाई पाणी प्यायला उठल्या आणि मी आगाऊपणा केला. तापमानात काय असणार, म्हणून फाइल परस्पर देऊन टाकली.

गृहस्थांनी कागद तिरका धरला.

"चार," ते वाचू लागले. "नऊ. दोन."

तो इंदूच्या दाराचा नंबर होता. आतून तिने मला हाक मारली. आवाज जेमतेम निम्मा तिचा होता.

"काय केलंत हो हे," बाई म्हणाल्या. रागावल्या मात्र नाहीत. बोळा घेऊन त्यांनी खिडकीतून हात बाहेर घातला. गृहस्थ मागे सरकले, हात तेवढा लांब झाला. ते जिन्यापर्यंत गेले, हातही गेला. चार पुसला, तसा तो गृहस्थांच्या तोंडूनही गेला. मग नऊ. राहिला दोन. असं नेटकं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटच्या आकड्यावर गृहस्थांनी अंगठा दाबून धरला होता. बाईंनी अंगठा पुसायला घेतला.