पुढं घे

फैयाज गेली तीन वर्षं दुसरा येत होता. तोही कुणा परक्याच्या मागं नाही, तर आपल्याच गावच्या, कोल्हारच्या ज्ञानेश्वरच्या मागं, आणि दर वर्षी वीतभरानं. नगरला दर उन्हाळ्यात प्रौढांच्या पोहण्याच्या स्पर्धा होत, त्यात पस्तीस ते चव्वेचाळीस वयोगटाची पन्नास मीटर फ्रीस्टाइल ही या दोघांची शर्यत. बाकीचे सहा जण डॉक्टरनं सांगितलं म्हणून पोहणारे.

दोघंही लहानपणी प्रवरेत एकाच काठावरून उड्या मारून शिकले. पुढं फैयाज साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागला आणि ज्ञानेश्वरनं ऊस वाहायला ट्रॅक्टर घेतला. वीस वर्षं हंगामात रोज ज्ञानेश्वर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन काट्यावर येई. पहिली ट्रॉली तोलली की फैयाज खिडकीतून ओरडे, “पुढं घे,” मग दुसरी काट्यावर येई. कोणत्या ट्रॉलीत किती टन ऊस आहे हे फैयाजला ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघून कळायचं. ज्ञानेश्वरच्या तोंडावरून मात्र कधी काही कळलं नाही. कसल्याही भारानं टायर बसलेले असोत, तो चेहऱ्यावरची रेष हलू न देता सांगायचा, यंदा ऊस हलकाच हाय.

हे वर्ष शेवटचं होतं. ज्ञानेश्वर चव्वेचाळीसचा झाला होता. पुढच्या साली तो वरच्या गटात जाणार, आणि एक्केचाळीसचा फैयाज तिथं पोचणार चार वर्षांनी. ज्ञानेश्वर नसताना मिळालेलं पहिलं बक्षीस घेऊन करायचं काय? फैयाज पार कासावीस झाला होता.

त्याची मुलगी आयत मानसशास्त्र शिकत होती, आणि तिला प्रकल्पाला विषय मिळाला होता पोहणाऱ्यांची मानसिक तयारी. त्यासाठी एक पोहणारा लागणार होता. घरात एकच होता, तो दर उन्हाळ्यात तोंड पाडून बसायचा, म्हणून तिनं तोच घेतला.

पहिला धडा सोपा वाटला. डोळे मिटायचे, शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात पोहायची, आणि मनातल्या शर्यतीला खऱ्या शर्यतीइतकाच वेळ लागला पाहिजे. आयतनं स्टॉपवॉच दाबलं. फैयाज खुर्चीत डोळे मिटून बसला तो चार मिनिटं झाली तरी बाहेर येईना. चौकशी केली तेव्हा कळलं, तो प्रवरेत पोहत होता आणि वाटेत काठावर भेटलेल्या मंडळींची ख्यालीखुशाली विचारत होता. नदी नाही, नगरचा तलाव, असं तिनं बजावल्यावर तो नऊ सेकंदांत पोचला. सरवरीनं, म्हणजे बायकोनं, भाकरी थापता थापता विचारलं, एवढ्या लवकर पोहून होतं तर रोज अंघोळीला पाऊण तास कशाला लागतो.

महिनाभरात छत्तीस सेकंदांवर, म्हणजे त्याच्या खऱ्या वेळेवर, गाडी बसली. पण एक खोट राहिलीच. मनातल्या शर्यतीतही दर वेळी ज्ञानेश्वरच जिंकत होता. वीतभरानं.

“अब्बा, डोकं तुमचं, पाणी तुमचं. तिथं तो कसा जिंकतो?”

“त्यो लई चांगला पोहतो गं,” फैयाज अपराधी चेहऱ्यानं म्हणाला.

आयतनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तो श्वास घ्यायला दर वेळी डावीकडंच वळतो, कारण ज्ञानेश्वर डावीकडच्या पट्ट्यात असतो. खऱ्या तलावातही तेच. तीन वर्षं हा माणूस शर्यत पोहत नव्हता, शर्यत बघत होता. मग आयतनं शेवटचा उपाय काढला. एक शब्द निवडायचा, अगदी ओळखीचा, जो उच्चारला की अंग आपोआप कामाला लागेल. आधी तो मोठ्यानं म्हणायचा, मग पुटपुटायचा, मग नुसता मनात. फैयाजला शब्द शोधावा लागला नाही. वीस वर्षांत त्याच्या एका शब्दावर दहा-दहा टनांचं ओझं हललं होतं.

हंगाम संपेपर्यंत तो घरात, अंगणात, सायकलवर “पुढं घे” म्हणत फिरला. मोठ्यानं म्हणण्याची पायरी त्याची फार छान झाली. पुढच्या दोन पायऱ्यांना वेळच उरला नाही.

स्पर्धेच्या दिवशी तलावावर ऊन मी म्हणत होतं. आयत गॅलरीत वही घेऊन बसली होती. पंच पंकजा मॅडम खेळाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, आणि त्यांच्यासमोर पोहायला आलेली पोक्त माणसंही सातवीतल्या पोरांसारखी उभी राहत. आठही जण ठोकळ्यांवर चढले. डावीकडं ज्ञानेश्वर होता, शांत, नेहमीचा. मॅडम म्हणाल्या, “तयार.” सगळे वाकले, सगळीकडं चिडीचूप झालं. फैयाजनं श्वास घेतला आणि मनातल्या मनात म्हटलं, पुढं घे.

ते मनात राहिलं नाही. काट्याच्या खिडकीतून निघायचं तसं, खणखणीत, साऱ्या तलावाला ऐकू जाईल असं बाहेर पडलं. आणि शिट्टी वाजायच्या आत ज्ञानेश्वर पाण्यात होता.

नियम एकच, आधी उडी मारली की बाद. ज्ञानेश्वर बाहेर आला, टॉवेल घेतला, स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. का उडी मारली हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. फैयाजला मात्र चांगलं कळलं होतं.

आता उरलेल्या सहा जणांत फैयाजला मागं टाकील असं कुणी नव्हतं. निकालाच्या कागदावर त्याचं नाव वर येणार, ज्ञानेश्वरच्या नावापुढं फुली. तीन वर्षं हेच तर हवं होतं. तो दोन क्षण ठोकळ्यावर तसाच उभा राहिला, त्या दोन क्षणांत त्याला मोह झाला आणि स्वतःची लाजही वाटली. मग तो खाली उतरून मॅडमपुढं गेला.

“त्याची चूक न्हाई मॅडम. त्याला मी सोडलं.”

मॅडमनी विचारलं, सोडणारे तुम्ही कोण. फैयाजनं वजनकाट्यापासून सगळं सांगितलं. मॅडमनी नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं, त्यात काट्याचा उल्लेख नव्हता. शेवटी दुसऱ्याच्या आवाजानं घोटाळा झाला म्हणून त्यांनी ज्ञानेश्वरला परत घेतलं आणि फैयाजला ताकीद दिली, आता तोंडातून अक्षर निघालं तर तुम्ही बाद.

पुन्हा सगळे वाकले. फैयाजचा शब्द गेला होता. त्यानं दात घट्ट आवळले. शिट्टी झाली, तो पाण्यात शिरला आणि त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की तोंड उघडायचं नाही. श्वास घेण्यापुरतं चालेल, असं त्यानं दहा मीटरवर स्वतःच ठरवलं. डावीकडं बघायचं तो साफ विसरला. हात भिंतीला लागला, त्यानं मान वळवली, आणि ज्ञानेश्वरचा हात तेव्हा कुठं भिंतीला लागत होता. वीतभर मागं.

फैयाजला आधी खरंच वाटेना. मग तो हसला, मग त्याच्या नाकात पाणी गेलं. वर आयत वही उडवत होती. ज्ञानेश्वर दोरीवर हात टाकून जवळ आला, चेहऱ्यावरची रेष हलू न देता.

“शिट्टी झाली,” तो म्हणाला, “पन तू काय म्हनलाच न्हाईस. मी जरा थांबलो की.”

फैयाजनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. तिथं नेहमीप्रमाणं काहीच लिहिलेलं नव्हतं. खरं बोलत होता, थट्टा करत होता, की हार लपवत होता, हे आता चार वर्षं कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयतला प्रकल्पाची शेवटची नोंद हवी होती. बक्षिसाचं पदक टीव्हीवर टांगलेलं होतं. फैयाजनं डोळे मिटले, तिनं स्टॉपवॉच दाबलं. मिनिट झालं, दीड मिनिट झालं.

“अब्बा, परत नदीवर गेलात का?”

“न्हाई. शिट्टी झाली, पन त्यो ठोकळ्यावरच उभा हाय. माझ्याकडं बघत.”

आयतनं पेन खाली ठेवलं. तुम्ही तरी उडी मारा, म्हणाली, आता तर सरळ जिंकाल. फैयाजनं डोळे न उघडताच नकारार्थी मान हलवली. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, “पुढं घे.” आवाज एवढा मोठा होता की सरवरी आतून बाहेर आली.

बरोबर छत्तीस सेकंदांनी त्यानं डोळे उघडले. पहिला कोण आला, आयतनं विचारलं.

“बघितलं न्हाई,” फैयाज म्हणाला.