पत्रकात नसलेला नियम

खोक्यावर चौघे हसत होते. आई, वडील, मुलगा, मुलगी. चौघांचे दात सारखेच पांढरे, आणि पटावर कोणीही हरत नव्हते. डॉ. रोस्विथा थीलेमान यांनी ते खोके पालथे घातले आणि पुढचे उचलले. त्यावरही चौघे हसत होते.

जर्मनीतल्या गोस्लार गावच्या खेळघरातून कुटुंबे पुस्तकांसारखे खेळ घरी नेत, आणि दर हिवाळ्याच्या तोंडावर त्यासाठी बारा नवे खेळ निवडणाऱ्या समितीच्या रोस्विथा एकोणीस वर्षे प्रमुख होत्या. त्याआधी तीस वर्षे त्यांनी विद्यापीठात लोकाचार शिकवला होता. खोक्यांवरचे हसू हा त्यांच्या लेखी एका भ्यालेल्या समाजाचा दस्तऐवज होता: मुलांना पोहणे, व्हायोलिन आणि दोन परभाषा शिकवणाऱ्या, पण हरणे शिकवायला कचरणाऱ्या समाजाचा. ‘वय आठ ते नव्व्याण्णव’ असे प्रत्येक खोक्यावर छापलेले असे. शंभराव्या वर्षी माणसाचे काय होते, याबद्दल निर्मात्यांनी मौन पाळले होते.

समितीची एक रीत होती. प्रत्येक खेळ तीन अनोळखी कुटुंबांपुढे ठेवायचा. त्यांनी खोक्यातले नियमांचे पत्रक वाचून खेळायचे. परीक्षकाने शेजारी बसून पाहायचे आणि तोंडातून अक्षर काढायचे नाही. कुटुंबाने नियम साफ उलटा लावला तरीही नाही. या मौनात रोस्विथांचा हात धरणारे कोणी नव्हते.

घरी मात्र त्या परीक्षक नव्हत्या. गेल्या नाताळात त्या, मुलगा हेनिंग, सून आन्या आणि सात वर्षांची नात मीके सोंगट्यांचा जुना खेळ खेळत होते. तोच, चार रंगांचा, लाल-पिवळ्या खोक्यातला, जो प्रत्येक घरात असतो. रोस्विथांची शेवटची सोंगटी घरापासून एक पाऊल दूर होती. मीकेचे दान नेमके तिच्यावर पडले. मीके दुसरी सोंगटी चालवू लागली.

“मारता येत असेल तर मारलंच पाहिजे,” रोस्विथा म्हणाल्या.

“मला आजीला नाही मारायचं.”

“तुला काय हवंय हा प्रश्नच नाही. नियम आहे.”

मीकेने सोंगटी मारली. मग ती रडू लागली आणि परतीच्या गाडीत त्यांचे हिल्डेसहाइम येईपर्यंत रडत होती. त्यानंतर ईस्टर आला, गेला. उन्हाळा गेला. अकरा महिन्यांत त्या घरी कोणी फिरकले नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस, नाताळाआधीचे अॅडव्हेंटचे चार रविवार तोंडावर असताना, हेनिंगचा फोन आला.

“आई, अॅडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारी येतो आम्ही. तीनला. कॉफी घेऊ, एखादा खेळ खेळू, पाचला निघू.”

“कोणता खेळ?”

“तू निवड. गावाला निवडून देतेस ना? फक्त...” तो थांबला. “मीके पुन्हा रडत घरी गेली तर यापुढे येणं नाही. आन्यानं स्पष्ट सांगितलंय.”

“आणि तुझं काय म्हणणं आहे?”

“मी गाडी चालवतो, आई.”

रोस्विथांनी समितीचा छापील तक्ता काढला आणि स्वतःच्या कुटुंबासाठी भरायला घेतला. खेळाडू चार. वये आठ, छत्तीस, एकोणचाळीस, त्र्याहत्तर. पहिला खेळ सर्वांनी मिळून बेट वाचवण्याचा होता; त्यात सगळे एकत्र जिंकत किंवा एकत्र बुडत. रडायला त्यात कोणाला जागा नव्हती, आणि त्यांच्या मते जागे राहायलाही नव्हती. दुसरा, जोड्या लक्षात ठेवण्याचा, मीकेने डोळे मिटून जिंकला असता. आजीने मुद्दाम हरल्याचा संशय मात्र तिला आला असता, आणि मुले अपमान विसरत नाहीत. तिसरा पत्त्यांचा, थापा मारण्याचा. आन्यापुढे थापा मारण्याची ही वेळ नव्हती. चौथ्याचे पत्रक अठ्ठावीस पानांचे होते. तेवढ्यात पाच वाजले असते.

समितीच्या शेवटच्या बैठकीनंतर गेर्नोट वीबकिंग खोकी आवरायला थांबले. गावातले औषधांचे दुकान चाळीस वर्षे चालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुठलेही पत्रक औषधाच्या चिठ्ठीसारखे वाचत.

“डॉक्टर, आठवडाभर बघतोय. अहो, बारा खेळ एका दुपारी निवडता, आणि हा तेरावा घशात अडकलाय?”

रोस्विथांनी त्यांना नाताळची हकीकत सांगितली. एखाद्या परक्या जमातीची सांगावी तशी.

“म्हणजे पोरगी हरली म्हणून नाही रडली,” वीबकिंग म्हणाले. “मारायला लावलं म्हणून रडली.”

“नियमाने लावलं.”

“कुठे आहे तो नियम?”

“पत्रकात.”

“वाचलंय?”

“त्या खेळाचं पत्रक कोण वाचतं, वीबकिंग? तो सगळ्यांना येतो.”

वीबकिंग यांनी एका खोक्याचे झाकण बसवले. “माझ्याकडेही लोक असंच म्हणायचे. मग एकदम सहा गोळ्या घ्यायचे.”

घरी येऊन रोस्विथांनी लाल-पिवळे खोके उघडले. पत्रक पटाखाली चिकटून बसले होते. घडीवर फाटले, पण वाचता आले. नियम नऊ होते. पाचवा असा: दान पडल्यावर कोणती सोंगटी चालवायची, हे खेळाडूने स्वतः ठरवावे. सक्ती कुठेही नव्हती. त्यांनी पत्रक उलटून पाहिले. मागे फक्त कारखान्याचा पत्ता होता.

सक्ती वडिलांची होती. ते रेल्वेत सिग्नल सांभाळत, आणि घरातही हिरवा-लाल तेच ठरवत. एकोणसाठ साली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, आठ वर्षांच्या रोस्विथाला ते म्हणत, “मार. मारता येतंय ना? मार.” बहुतेकदा आईची सोंगटी समोर असे. ती मारली गेली की आई भांडी घासायला उठे. त्या घरात भांडी फार स्वच्छ असत.

घरगुती खोडींना कायद्याचे रूप कसे येते, यावर रोस्विथांनी बेचाळीस पानांचा निबंध लिहिला होता. त्याला एकशे अठरा तळटीपा होत्या. त्यांनी तो कपाटातून काढला, पहिले पान वाचले आणि पुन्हा जागेवर ठेवला. युक्तिवाद निर्दोष होता.

रविवारी तीनच्या ठोक्याला गाडी आली. अॅडव्हेंटच्या हारातल्या चारांपैकी दोन मेणबत्त्या, दर रविवारी एक याप्रमाणे, पेटलेल्या होत्या; स्टोलन, नाताळचा गोड पाव, कापून ठेवला होता. टेबलाच्या मधोमध लाल-पिवळे खोके पाहताच आन्याने कोट काढता काढता हात थांबवला.

“हाच? खरंच?”

“हाच,” रोस्विथा म्हणाल्या, आणि पत्रक मीकेपुढे सरकवले. “तू वाच. मोठ्याने. सगळं.”

मीकेने बोट ठेवून वाचले. नवव्या नियमानंतर तिने पुन्हा वर पाहिले, मग पाचव्यावर बोट आणले.

“मारायलाच पाहिजे, असं कुठाय?”

“नाहीये.”

“मग तू खोटं बोललीस?”

“नाही. मी वाचलं नव्हतं.”

“तू?” मीकेचा विश्वास बसेना. “तू तर दुधाच्या पिशवीवरचंसुद्धा वाचतेस.”

हेनिंगला कॉफीचा ठसका लागला. तो इतका हसला की आन्याला त्याच्या पाठीत थापटावे लागले. आन्या हसली नाही. पण तिने कोट काढून खुर्चीवर टाकला.

“मागच्या वेळी माझं चुकलं,” रोस्विथा म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी नवे होते, आणि ते तसेच ऐकू आले.

डाव सुरू झाला. रोस्विथा परीक्षकासारख्या गप्प होत्या. हेनिंगने एकदा एक घर जास्त मोजले. त्यांनी स्टोलनचा तुकडा तोंडात घातला. तासाभराने त्यांची शेवटची सोंगटी घराच्या उंबऱ्यावर आली, आणि मीकेचे दान पडले. चार. नेमके तेच घर. मीकेकडे दुसरी सोंगटीही मोकळी होती. आन्या सासूकडे पाहत होती.

मीकेने दोन्ही सोंगट्यांवर एकेक बोट ठेवले आणि बराच विचार केला. मग तिने आजीची सोंगटी उचलून आरंभाच्या खळग्यात टाकली; हळू नव्हे, चांगली खणकन.

“आज मला मारावंसं वाटलं,” ती म्हणाली. “राग आला?”

“आला,” रोस्विथा म्हणाल्या. “भयंकर.”

मीके समाधानाने हसली. खोक्यांवरच्या मुलांसारखे नव्हे. तिचा एक दात पडला होता.

मीके जिंकली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. हेनिंगने किल्ल्या चाचपल्या आणि बायकोकडे पाहिले. आन्या स्वतःच्या कपात कॉफी ओतत होती. मीकेने कोणालाही न विचारता सोंगट्या पुन्हा मांडल्या आणि फासा आजीपुढे धरला.

“सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं सुरुवात करायची. आमच्या घरी असा नियम आहे.”

पत्रकात तसे काही नव्हते. दुसऱ्या नियमानुसार ज्याचे दान मोठे, त्याची सुरुवात होती. रोस्विथांना तो आता शब्दशः पाठ होता. त्यांनी तोंडातून अक्षर काढले नाही. फासा घेतला आणि टाकला.