बोटांवर उडणारा

मित्रांनो, घाबरू नका. प्रयोगशाळेतल्या कपाटात लाकडी फळीवर तारांनी बांधलेला सांगाडा दिसतोय ना, तो मी. पंचवीस वर्षांपूर्वी मी गास नावाच्या गावात राहत होतो, अंगावर कातडी होती आणि लोक मला वटवाघूळ म्हणत.

हरिभाऊंच्या वाडीतले चिकू मी खाल्ले, हे कबूल करतो. त्यांनी झाडांवर जाळी टाकली आणि मी तिच्यात अडकून मेलो. त्या वाडीची रीत अशी, की फळं खाणारं पाखरू मेलं तर ते बांबूवर टांगायचं, म्हणजे बाकीची फिरकत नाहीत. मला एका कावळ्याशेजारी टांगलं. उडतं ते पाखरू, एवढीच त्यांची समज! मला फार राग आला. मी आईचं दूध पिऊन वाढलेला जीव आहे.

हरिभाऊंचा मुलगा देवेश तेव्हा नववीत होता. त्याने आम्हा दोघांना पिशवीत घालून शाळेत नेलं. रोझलिन टीचर नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी आम्हाला मातीत पुरलं, काही महिन्यांनी हाडं काढून ब्रशने धुतली आणि बारीक तारेने जोडली. पुढे काही वर्षं माझी चैन होती. पाहुणे आले की मला पुढे करत. मग भिंतीवर पडदा आला, त्यावर चित्रं हलू लागली आणि माझ्यावर धूळ बसली. एक बोट तुटून फळीवर पडलं, ते कुणी उचललंही नाही.

यंदा देवेशची मुलगी कृतिका दहावीला आली. उत्क्रांतीचा धडा चालू होता. टीचरांनी टेबलावर मला, कावळ्याला आणि मांजराच्या सांगाड्याला ठेवलं आणि जवळच्या नात्यातले शेजारी-शेजारी ठेवायला सांगितले. कृतिकाने मला बेधडक कावळ्याला चिकटवलं.

"का गं?"

"टीचर, दोघं उडतात ना! वाडीत आम्ही पाखरं म्हणूनच हाकलतो. पुढच्या आठवड्यात आजोबा परत जाळी लावणारेत."

माझी भावंडं अजून त्याच वाडीत जातात.

"बाजारात फुलं विकणारे सगळे एकाच घरातले असतात का?" टीचर म्हणाल्या. "काम एक, घरं वेगळी. कावळा पिसांवर उडतो, हा बोटांवर. दोघांनी उडणं वेगवेगळं कमावलं, पण काम एकच, म्हणून पंख सारखे वाटतात. ही अभिसारी उत्क्रांती. आता तुझा हात याच्या पंखावर धर."

कृतिकाने धरला. माझा अंगठा आखूड, बाकीची बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांब. तुटलेलं बोट तिने जागेवर ठेवलं. तिची पाच, माझी पाच, मांजराचीही पाच.

"एकाच पूर्वजाचा हात," टीचर म्हणाल्या. "कुणी चालायला वापरला, कुणी लिहायला, कुणी उडायला. ही अपसारी उत्क्रांती. कावळ्याचा हातही फार मागे तिथूनच निघतो, पण तो लांबचा."

दुसऱ्या दिवशी कृतिका आजोबांनाच घेऊन आली. हरिभाऊंनी चष्मा सारखा केला आणि आपला राठ हात माझ्यावर ठेवला. बराच वेळ ते एकेक बोट जुळवत राहिले.

"म्हणजे हा आमच्या भावकीतला निघाला!"

"हो आजोबा. मग जाळी?"

"भावकीतला आहे म्हणूनच चिकू खातो मेला!"

सगळे हसले. मी मात्र आशा सोडली. पण हरिभाऊंनी हात काढला नव्हता.

"देवेशला सांग," ते हळूच म्हणाले, "कडेची दोन झाडं उघडी ठेवायची. बाकीच्यांची जाळी ताणून बांधायची, कुणी अडकायला नको. भावकीचा वाटा चुकत नाही."

मित्रांनो, कृतिकाने माझं बोट चिकटवलंय. ते जरा वाकडं बसलंय, पण चालेल. मला उचलाल तेव्हा फळीला धरून उचला. आणि कुठल्याही जाळीत काही फडफडताना दिसलं, तर ते कोण, कुणाच्या नात्यातलं, हे नंतर ठरवा. आधी मोठ्यांना बोलावून त्याला सोडवा.